तण, मावा, गोगलगायी आणि खालच्या मजल्यावरचे काका: मुंबईतल्या घरच्या भाजीबागेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर खिडकीच्या ग्रिलमध्ये ११ कुंड्या आणि गच्चीवर सोसायटीने (दोन सर्वसाधारण सभांनंतर) दिलेल्या कोपऱ्यात ९ ग्रो बॅगा, एवढाच माझा पसारा. भेंडी, वांगी, मिरची, टोमॅटो, चवळी, कारलं, कढीपत्ता. तरी जूनचा पहिला पाऊस पडला की इमारतीतले, नात्यातले आणि नात्यातल्यांच्या ओळखीचे लोक पानांचे फोटो पाठवू लागतात. प्रश्न तेच, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. रासायनिक औषधं यात नाहीत. जी भेंडी उद्या सकाळी तोडून डब्यात द्यायची, तिच्यावर आज काय मारायचं, एवढाच विचार त्यामागे आहे.

कुंडी तिसऱ्या मजल्यावर, मी तण पेरलेलं नाही. मग येतं कुठून?

बहुतेक वेळा तुम्हीच विकत आणलेलं असतं. नर्सरीतली लाल माती म्हणजे कुठल्यातरी माळावरची वरची माती, तिच्यात वर्षानुवर्षांचं बी पडून असतं. दुसरी वाट शेणखताची. तबेल्यातून आणलेलं खत अर्धवट कुजलेलं असेल तर गुरांनी खाल्लेल्या गवताचं बी त्यात जिवंत राहतं, वर हुमणीच्या पांढऱ्या अळ्या येतात त्या वेगळ्याच. खत मुठीत घेऊन हुंगा. शेणाचा वास आला, हाताला ऊब लागली, तर ते अजून दोन महिने गोणीत ठेवा. चांगल्या खताला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो.

बाकीचं पक्षी आणि वारा आणतात. कावळ्या-कबुतरांच्या विष्ठेतून पिंपळ, वड, उंबर येतात. ही रोपं बोटभर असतानाच काढा. कुंडीतून मूळ भिंतीच्या भेगेत शिरलं की तो प्रश्न बागेचा उरत नाही, प्लंबरचा आणि कमिटीचा होतो.

लव्हाळा उपटला की चार दिवसांत परत हजर. काय करू?

उपटू नका, निदान एकदा उपटून मोकळे होऊ नका. लव्हाळ्याच्या मुळाशी गाठी असतात आणि त्या जमिनीखाली माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. वरचं पातं ओढलं की माळ तुटते आणि झोपलेल्या गाठी एकेक करून फुटू लागतात. म्हणून उपटल्यावर तो वाढल्यासारखा दिसतो. तुमचा भ्रम नाही तो.

शेतकऱ्याला हे दुखणं जन्मभराचं. कुंडीवाल्याचं मात्र नशीब थोर, कारण आपल्याला अख्खं शेत उलटं करता येतं. मे महिन्यात पीक निघालं की कुंडी गच्चीवर रिकामी करा, माती बांधकामावरच्या वाळूच्या चाळणीतून चाळा, काळपट गाठी वेचून कचऱ्यात टाका. कंपोस्टमध्ये नाही! उरलेली माती किंचित ओली करून चार बोटं जाडीचा थर पसरा, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा विटांनी दाबा. चार ते सहा आठवडे. काळं प्लास्टिक चालत नाही. पारदर्शकातून ऊन आत जातं आणि अडकतं. मुंबईच्या मे महिन्याचा घामाशिवाय काही उपयोग असेल तर हाच. तणाचं बी, रोपं मारणाऱ्या बुरश्या आणि मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी यांतलं बरंच काही यात संपतं. पाऊस येण्याआधी माती गोळा करून तिच्यात कंपोस्ट मिसळा, कारण चांगले जीवही काही मेलेले असतात.

पावसाळ्यातच लव्हाळा आला असेल आणि कुंडी रिकामी करता येत नसेल, तर पाती मातीलगत कात्रीने कापत राहा, पाचवं पान यायच्या आत. गाठीतला साठा संपेपर्यंत हा खेळ चालतो. माझ्या एका बॅगेत तो गणपतीपर्यंत चालला होता.

बाकीचं तण कधी काढावं?

वाफसा आल्यावर. पाऊस थांबून अर्धा दिवस गेला, माती ओली आहे पण बोटांना चिकटत नाही, अशा वेळी हराळी सोडून बहुतेक तण मुळासकट हातात येतं. चिखलात ओढलं तर भाजीचं रोपही हलतं. फुलावर यायच्या आधी काढलं तर ‘तण खाई धन’ म्हणायची पाळी येत नाही.

मीठ किंवा व्हिनेगर ओतून तण जातं असं ऐकलंय.

जातं. मग भेंडीही जाते. मीठ कुंडीतच राहतं आणि पुढच्या पिकाच्या मुळांना पाणी घेऊ देत नाही. व्हिनेगर वरचं पान जाळतं, गाठ तशीच. गच्चीच्या फरशीच्या फटीतल्या गवतावर उकळतं पाणी ओता, ते पुरतं.

सगळंच तण काढायचं का?

नाही, आणि हे मी आनंदाने सांगते. घोळ आपसूक आली तर एका कुंडीत राहू द्या, तिची डाळ घालून केलेली भाजी घरात कुणी नको म्हणत नाही. टाकळ्याची कोवळी पानं पहिल्या पावसानंतर दादरच्या बाजारात आदिवासी बायका वाटे लावून विकतात. तीच तुमच्या ग्रो बॅगेत फुकट उगवतात. केना, आंबुशी, तांदुळजा यांचंही तेच. ओळख पक्की नसेल तर मात्र तोंडात घालू नका, आणि रस्त्याकडेचं, नाल्याकाठचं तर ओळखीचं असलं तरी नको. एकदांडीची छोटी फुलंही मी दोन-चार ठेवते. तिथे बारीक गांधीलमाश्या मध प्यायला येतात आणि पुढे आपली कामं करून जातात. ती कामं कोणती ते खाली मावा-पिठ्याच्या प्रश्नात येईल.

आच्छादन कशाचं करू? इथे गव्हाचा भुसा कुठून आणायचा?

सोसायटीचा झाडूवाला रोज सकाळी गोणीभर आच्छादन गोळा करून फेकून देतो. जंगली बदामाची पानं चुरून घाला, अख्खी घातली तर थाळीसारखी पसरून पाणी अडवतात. शहाळेवाल्याकडची नारळाची सोडणं उन्हात वाळवून तुकडे करा. उसाच्या रसवाल्याची चिपाडं पण चालतात, फक्त ती आठवडाभर कडक वाळवा, नाहीतर सगळ्या मजल्यांवरच्या मुंग्या तुमच्याकडे माहेरपणाला येतील. ऑक्टोबर ते मे थर तीन बोटं जाड. जून ते सप्टेंबर मात्र एक बोट पुरे, कारण ओल्या जाड थराखाली गोगलगायी राहतात.

पानांना काहीतरी झालंय. कडुनिंबाचं तेल मारू का?

हा प्रश्न मला आठवड्यातून सरासरी तीनदा येतो आणि माझं उत्तर ठरलेलं: पान उलटं करून पाहिलंत का? नाही. मग आधी पाहा. सकाळी चहाचा कप घेऊन उभं राहायचं आणि प्रत्येक झाडाची दोन पानं उलटायची. चार मिनिटं लागतात. किडींचा संसार पानाच्या खालच्या बाजूला असतो, वरून दिसतो तो फक्त परिणाम.

खाली हिरवट-काळे बारीक, गोल पोटाचे किडे घोळक्याने असतील तर मावा. झाड हलवल्यावर पांढरी पूड उडाल्यासारखं झालं तर पांढरी माशी. पान खाली-वर वळून चुरगळलं आणि खाली फिकट, टाचणीच्या टोकाएवढे लांबट जीव पळाले तर फुलकिडे. बारीक जाळं आणि पानावर पिवळे ठिपके, तेही उन्हाळ्यात, तर लाल कोळी. टोमॅटोच्या पानात कुणी पांढऱ्या पेनने नागमोडी रेघ ओढल्यासारखी दिसली तर नागअळी. ते पान तोडून टाकलं की झालं. आणि खाली काहीच नसेल, पान नुसतंच पिवळं असेल, तर बोट मातीत खुपसा. निम्म्या वेळा तिथे चिखल असतो. पाणी जास्त झालंय, कीड नाहीच.

मावा असेल तर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. बाथरूममधल्या हँडशॉवरखाली छोटी कुंडी आडवी धरून पानांची उलटी बाजू धुवायची, तीन दिवस लागोपाठ. खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही.

बरं, पाहिलं, कीड आहे. आता तेल कसं मारायचं?

एक लिटर कोमट पाणी, ५ मिली कच्च्या घाणीचं कडुनिंबाचं तेल, १ ते २ मिली भांडी घासायचा सौम्य लिक्विड साबण किंवा रिठ्याचं पाणी. आधी तेल आणि साबण एकत्र ढवळा, मग पाणी घाला. उलट केलं तर तेल वर तरंगतं, पहिल्या झाडाला नुसतं पाणी आणि शेवटच्या झाडाला नुसतं तेल मिळतं. कपड्यांची पावडर वापरू नका. एका पानावर मारून एक दिवस थांबा, मग सगळीकडे. संध्याकाळी ऊन उतरल्यावर मारा: उन्हात पानं भाजतात, तेलातलं अझाडिरॅक्टिन, म्हणजे किडीवर काम करणारं द्रव्यही, उन्हाने लवकर निकामी होतं, आणि मधमाश्या तोवर घरी गेलेल्या असतात. केलेलं पाणी त्याच दिवशी संपवा. सात दिवसांच्या अंतराने तीनदा.

दुसऱ्या दिवशी किडे जिवंत दिसले म्हणून दुप्पट तेल घालणारे बरेच आहेत. कडुनिंब पटकन मारत नाही. त्याने किडीचं खाणं कमी होतं आणि कात टाकणं बिघडतं, पुढची पिढी अडते. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाडीने सगळी झाडं फस्त केली आणि कडुनिंब तेवढे हिरवे राहिले, हे श्मुटरर या जर्मन शास्त्रज्ञाने पाहिलं आणि त्यावर आधुनिक संशोधन सुरू झालं. आपल्याकडे धान्यात कडुनिंबाचा पाला घालणाऱ्या आज्यांना यात नवं काही वाटलं नसतं. कडुनिंबाच्या बुरशीनाशक वापरावर युरोपात दिलेलं पेटंट भारतातून लढा दिल्यावर रद्द झालं, ते २००५ मध्ये कायमचं.

वांग्यावर, जास्वंदीवर कापसासारखं पांढरं आलंय.

पिठ्या ढेकूण. मुंबईच्या दमट हवेत हा पाहुणा कायमचा. अंगावर मेणाचा थर असल्यामुळे नुसतं तेलपाणी त्याच्यावरून ओघळून जातं. आधी जुन्या टूथब्रशला साबणाचं पाणी लावून खोडाचे सांधे, पानांच्या बगला घासून काढा, मग तेल मारा. फार भरलेली फांदी छाटून पिशवीत बांधून टाका.

पण घासण्याआधी एक गोष्ट तपासा. पांढऱ्या गर्दीत एखादा मोठा, लांब झिपऱ्यांचा, भरभर चालणारा दिसला, तर त्याला हात लावू नका. ती क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची (लेडीबर्ड भुंगेऱ्याची) अळी असते. दिसते पिठ्यासारखी आणि खाते पिठ्यालाच. हा भुंगेरा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. पहिल्या वर्षी मी अशा आठ-दहा अळ्या मोठ्या अभिमानाने चिरडल्या होत्या.

मित्र ओळखायच्या आणखी खुणा: पानावर केसाएवढ्या दांडीच्या टोकाला लटकणारं पांढरं अंडं म्हणजे क्रायसोपा हा जाळीदार पंखांचा कीटक, त्याची अळी मावा फस्त करते. मावा फुगून सोनेरी-तपकिरी, कागदी झाला असेल तर त्याच्या पोटात त्या एकदांडीवरच्या बारीक गांधीलमाशीचं पिल्लू वाढतंय. ते पान ठेवा. २००८ मध्ये कोइमतूरला पपईवरचा पिठ्या आला आणि तुती, पपई, टॅपिओकाच्या बागा उद्ध्वस्त झाल्या, तेव्हा औषधांनी काही झालं नाही. २०१० मध्ये परदेशातून अशाच बारीक परोपजीवी गांधीलमाश्या आणून सोडल्या आणि किडीचा जोर ओसरला.

मुंग्या झाडावर चढतात. त्या झाड खातात का?

नाही, त्या दूध काढायला जातात. मावा आणि पिठ्या गोड चिकटा सोडतात, मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात ढालकिड्यांना हाकलतात. म्हणजे मुंगी थांबवली की ढालकिड्यांना काम करता येतं. खोडाभोवती कागदी टेप गुंडाळून त्यावर व्हॅसलिन फासा, आठवड्याने पुन्हा. मुंग्यांचा खडू ओढू नका, तो खडू नाही, कीटकनाशक आहे. कुंडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची जुन्या जाळीच्या कपाटाची युक्ती छान होती, पण आता त्या वाट्यांत डास होतात.

भेंडीची पानं पिवळ्या जाळीसारखी झाली. तेल मारून हिरवी होतील?

नाही. हा केवडा, विषाणूचा रोग, पांढरी माशी पसरवते. झाड उपटा. अर्ध्या भेंड्या मिळतील म्हणून ठेवलंत तर शेजारची चारही जातील. परभणी क्रांतीसारखी वाणं यासाठीच काढली गेली, पण त्यांचाही जोर आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. रोपं लहान असताना जुन्या मच्छरदाणीच्या कापडाखाली वाढवणं आणि पिवळे चिकट सापळे लावणं, एवढं जमतं. मिरचीच्या चुरडा-मुरड्यालाही (पानं आकसून वळण्याच्या रोगालाही) हेच लागू. फक्त फुलकिड्यांना निळा सापळा जास्त आवडतो.

वांग्याचा एखादाच शेंडा मान टाकतो. पाणी तर घालते.

शेंडा चिरून बघा, आत गुलाबीसर अळी बसलेली असेल. कोमेजलेल्या भागाच्या दोन बोटं खाली कापून तो शेंडा पिशवीत बांधून फेकायचा, त्याच दिवशी. उशीर केला की पुढची पिढी वांग्यात, आणि भरल्या वांग्याच्या दिवशी ते कळतं.

कारली, दोडकी बोटाएवढी होऊन वाकडी होतात, सडतात.

फळमाशी. मादी कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते. फूल गळलं की लगेच फळाला कागदी पिशवी घाला. सापळा आणायचा तर क्यू-ल्युअर या आमिषाचा मागा. कोकणातले नातेवाईक हमखास आंब्याचा ‘रक्षक’ सापळा देतात. त्यात मिथाईल युजेनॉल असतं, ते आंब्याच्या माशीला बोलावतं, कारल्याच्या नाही. किडकी फळं कंपोस्टमध्ये टाकू नका. अळी मातीत उतरून कोष करते आणि तुम्ही स्वतःच माश्या पाळू लागता. काळ्या पिशवीत बांधून चार दिवस उन्हात ठेवा.

कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखी अळी आहे.

लिंबाच्या फुलपाखराची. पुढे ती हिरवीगार होते. रोप लहान असेल तर उचलून दुसऱ्या मोठ्या कढीपत्त्यावर ठेवा. मोठ्या झाडाने दहा पानं दिली तर काही बिघडत नाही, आणि घरात लहान मूल असेल तर कोष फुटताना दाखवा.

जुलैत गोगलगायी रात्रीत रोपं साफ करतात. अंड्याची टरफलं टाकली, उपयोग शून्य.

ओली टरफलं त्यांना अडवत नाहीत. या मोठ्या तपकिरी शंखाच्या गोगलगायी मूळच्या पूर्व आफ्रिकेतल्या, १८४७ मध्ये कोलकात्यात आल्या आणि तिथून देशभर. प्रत्येकीत नर-मादी दोन्ही असतात, त्यामुळे अंड्यांना तोटा नाही. मातीत साबुदाण्यापेक्षा जरा मोठे पिवळसर मणी सापडले तर तीच अंडी, काढून टाका.

उपाय एकच आणि तो कंटाळवाणा आहे: रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन वेचणे. संध्याकाळी ओलं गोणपाट आणि त्याखाली कोबीची, पपईची पानं ठेवा, सकाळी सगळ्या त्याखाली गोळा झालेल्या सापडतात. मीठ-साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका, मग पुरा. हातमोजे हवेतच, कारण त्यांच्यातून मेंदूला सूज आणणारा कृमी माणसात येऊ शकतो. त्या फिरलेली पालेभाजी नीट धुवून, शिजवूनच खा. कुंड्यांभोवती मीठ पसरू नका, वरचं व्हिनेगरवालं उत्तर परत वाचा.

तंबाखूचं पाणी, राख, हळद, ताक, दशपर्णी?

तंबाखूचं पाणी नको. निकोटिन नैसर्गिक असलं तरी जहाल विष आहे, कातडीतून शरीरात जातं. शिवाय तंबाखूतून मोझॅकचा विषाणू टोमॅटो-मिरचीत येतो. राख कोवळ्या पानांवर चिमूटभर भुरभुरली तर किडे थोडे बिचकतात, पण रोज घातली तर माती अल्कधर्मी होते. हळद मी फोडणीसाठी ठेवते. आंबट ताक एकास नऊ पाण्यात मिसळून दुधी-भोपळ्याच्या पानांवरच्या भुरीला (पांढऱ्या पिठासारख्या बुरशीला) लवकर मारलं तर चांगलं काम करतं. दशपर्णी, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याचा आंबवलेला अर्क, गुणाची आहे, पण महिनाभर आंबवावी लागते आणि त्या वासावर आमच्या सोसायटीत एकदा लेखी तक्रार आली. गावाकडून तयार बाटली आणा.

पावसात फवारलेलं वाहून जातं. मग चार महिने काय?

फवारणी कमी, गर्दी कमी. कुंड्यांत हातभर अंतर ठेवा, खालची मातीला टेकणारी पानं काढा. बुरशीवर आधारलेली औषधं याच दिवसांत कामाची: पिठ्या आणि पांढऱ्या माशीसाठी व्हर्टिसिलियम, अळ्यांसाठी बिव्हेरिया. त्यांना ओलावा लागतो, आणि तो इथे मागेल तेवढा आहे. सलग चार-पाच तास उघडीप असेल ती संध्याकाळ निवडा. रोपं मातीलगत खोड सडून आडवी पडत असतील तर पेरताना बियाण्याला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चोळा.

कुंडीखालच्या ताटल्यांवरून पालिकेची माणसं रागावली.

बरोबर रागावली. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून टाकणं पुरेसं नाही. अंडी ताटलीच्या कडेला चिकटून कोरडी असतानाही महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून आठवड्यातून एकदा काथ्याने घासा. पावसाळ्यात ताटल्या काढूनच ठेवलेल्या बऱ्या.

कबुतरं रोपं उपटतात, उंदीर टोमॅटो खातात.

कबुतरांसाठी जुन्या खराट्याच्या काड्या टोक वर करून वीतभर अंतराने मातीत खोचा. बसायला जागा मिळाली नाही की जातात. उंदरांना आपणच बोलावतो: हाडांचा चुरा आणि शेंगदाण्याची पेंड वर पसरली की वास त्यांच्यापर्यंत पोचतो. मातीत खोल मिसळा. पिंजरा लावा, विष नको, ते खाल्लेला उंदीर पुढे घुबड किंवा इमारतीची मांजर खाते. उंदीर फिरत असतील तर पावसात मातीत उघडे हात घालू नका, लेप्टोची (उंदराच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) भीती खरी आहे.

कंपोस्टच्या डब्यात जाड, तपकिरी, वळवळणाऱ्या अळ्या झाल्यात. सगळं फेकून देऊ?

मुळीच नका! त्या काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या. कचरा झपाट्याने खातात, झाडाला आणि माणसाला काही करत नाहीत. किळस वाटत असेल तर कोरडी पानं किंवा फाडलेला पुठ्ठा घाला, ओल कमी झाली की त्या कमी होतात.

फवारा खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतो. खालचे काका भांडायला येतात.

तेलाचे डाग खरंच जात नाहीत, काकांचं बरोबर आहे. ग्रिलमधल्या कुंड्या फवारायच्या दिवशी आत घ्या, खाली वर्तमानपत्र. जी आत येत नाही तिला बाहेरच्या बाजूने जुनी चादर धरायला घरातलं एक माणूस लागतं. आणि भेंड्या निघाल्या की पहिली पावशेर खाली नेऊन द्या. आमचे काका आता स्वतःच वरती हाक मारून विचारतात, ‘अहो, यंदा कारलं नाही लावलं का?’